अर्जवहीचं सातवं वाक्य

मनवा परबने अर्जवही बनवली ती स्वतःच्या फजितीतून. तीन वर्षांपूर्वी तिची पहिली नोकरी गेली आणि पुढच्या चार महिन्यांत तिने जवळपास ऐंशी ठिकाणी अर्ज केले. कुठे काय पाठवलं, कोणाचा फोन आला, कोण 'कळवतो' म्हणालं, सगळं डोक्यात. एकदा अंधेरीच्या एका कंपनीत मुलाखतीला बसून तिने पाच मिनिटं भलत्याच कंपनीच्या कामाचं कौतुक केलं. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते आमचे स्पर्धक. त्यांचं ऑफिस दोन गल्ल्या पुढे आहे."

घरी येऊन ती आधी रडली, मग हसली, आणि मग कॉम्प्युटर उघडून बसली. आठ दिवसांत एक छोटासा प्रोग्रॅम तयार झाला. कंपनीचं नाव, कोणत्या जागेसाठी अर्ज, कधी केला, पुढे काय झालं, आणि खाली टिपणासाठी मोकळा चौकोन. नाव ठेवलं अर्जवही. पुढे तिला लोअर परळला नोकरी लागली, तेव्हा तिने ती वही इंटरनेटवर ठेवून दिली. ज्याला हवी त्याने फुकट उतरवून घ्यावी आणि आपापल्या कॉम्प्युटरवर वापरावी. नोंदीही ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच राहत, मनवाकडे काही येत नसे. बघता बघता पाच-सहाशे माणसं ती वापरायला लागली.

प्रोग्रॅमवर तिने जीव ओतला होता. मदतीचं पान मात्र एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासात उरकलं होतं. एकूण अकरा वाक्यं. ती तिने नंतर कधी उघडून वाचलीही नव्हती.

मग एका गुरुवारी सकाळी तिला एक मेल आला.

"नमस्कार. मी चार महिने अर्जवही वापरते आहे. चांगली आहे. आपल्या मदतीच्या पानावर सातवं वाक्य असं आहे : 'दुसरी फाइल आयात केल्यास नोंदी अद्ययावत होतील.' मी आठ दिवस बहिणीकडे पेणला होते. तिथे केलेल्या पाच अर्जांची यादी तिच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. काल घरी येऊन ती आपल्या सांगण्याप्रमाणे आयात केली. आधीचे एकसष्ट अर्ज गेले, हे पाच राहिले. माझ्या समजुतीप्रमाणे अद्ययावत होणे म्हणजे जुन्यात नव्याची भर पडणे. आपला अर्थ वेगळा असावा. गेलेलं परत मिळत असेल तर कळवावं. मिळत नसेल तर माझं मी बघेन, पण ते वाक्य कृपया आजच बदलावं, म्हणजे आणखी कोणाचं असं होणार नाही. अक्षदा राजाध्यक्ष, ठाकूरद्वार."

मनवाने मेल दोनदा वाचला. शेजारच्या टेबलावर हितेंद्र बसायचा, तिच्याच टीममधला. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"बॅकअप घ्यायचा ना मग," हितेंद्र म्हणाला. "तू लिहिलंयस की दहाव्या वाक्यात. लोक वाचतच नाहीत यार."

"ही वाचते रे," मनवा म्हणाली. "सातवं वाक्य सातवं आहे हे मला माहीत नव्हतं. तिला माहितीय."

तिने लगेच वाक्य बदललं. 'सावधान! आयात केल्यास जुन्या सर्व नोंदी पुसल्या जातील.' मग अक्षदा राजाध्यक्षांना उत्तर लिहिलं. नोंदी तुमच्याच कॉम्प्युटरवर होत्या, त्यांच्यावर नव्या लिहिल्या गेल्या, त्यामुळे परत मिळणार नाहीत. चूक माझी आहे. मनापासून माफ करा. वाक्य बदललं आहे.

तासाभरात उलट टपाली यावं तसं उत्तर आलं. "तातडीने बदललंत, आभार. पण 'सावधान' नको. माणूस घाबरतो आणि पुढचं वाचत नाही. काय होईल एवढंच सांगू नये, काय करावं तेही सांगावं."

त्या संध्याकाळी लालबागला घरी आल्यावर मनवाने आईला सगळं सांगितलं. तिची आई मालन वेंगुर्ल्याची. पस्तीस वर्षं लालबागला काढूनही घरात मालवणीच बोलायची. ती कोलंबी साफ करत होती. हात न थांबवता तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईचा चार महिन्यांचा लिवलेला गेला ना?" ती म्हणाली. "मग घराक जा तिच्या. फोनार नि मेलार कसली माफी मागतंस?"

"अगं, ओळख ना पाळख, आणि घरी जाऊ?"

"ती काय तुका खातली? जा नि सांग, माझ्या हातान चूक झाली, आता बसून परत लिवया. नि रित्या हातान जाव नको."

मनवाने मेल केला. शनिवारी येऊन तुमच्या नोंदी पुन्हा भरायला मदत करू का? उत्तर आलं, ते असं : "या. तीन वाजता. वाडीत शिरलात की देऊळ डाव्या हाताला ठेवून सरळ चाला. पहिला जिना सोडा, तो शिंप्याच्या माळ्यावर जातो. दुसऱ्या जिन्याने दुसरा मजला. समोर दोन दारं आहेत, त्यांतलं हिरवं. बेल वाजत नाही, कडी वाजवा."

शनिवारी मनवा चिवडा गल्लीतून अर्धा किलो चिवडा घेऊन निघाली. ठाकूरद्वारला बसमधून उतरली, वाडीत शिरली, देऊळ डाव्या हाताला ठेवून चालली, पहिला जिना सोडून दुसऱ्याने वर चढली आणि हिरव्या दाराची कडी वाजवली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण वाटेत कोणालाही काहीही विचारलं नाही. गिरगावात आजवर असं कधी झालं नव्हतं.

दार उघडलं ते चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या, चष्मा केसांत खोचलेल्या बाईंनी. मनवाने चिवड्याची पिशवी पुढे केली आणि पाठ केलेलं वाक्य बोलायला लागली. "मॅडम, मी मनवा परब. माझ्यामुळे तुमचं..."

"ते लिहिलंस ना मेलमध्ये. आत ये. तुला तू म्हटलं तर चालेल ना? मला वाटलं होतं कुठलीतरी मोठी कंपनी असेल."

"नाही, मी एकटीच आहे."

"मग ताई म्हण. मॅडम ऐकलं की मला ऑफिसात बसल्यासारखं वाटतं, आणि ऑफिस तर गेलं."

आत खिडकीपाशी आरामखुर्चीत अक्षदाताईंचे वडील बसले होते. तात्या. वय अठ्ठ्याहत्तर, रेशनिंग ऑफिसातून निवृत्त. दोघंच राहत. त्यांनी चिवड्याची पिशवी उघडून वास घेतला आणि मुलीला म्हणाले, "लालबागचा. बसू दे तिला, जेवढा वेळ बसायचंय तेवढा."

अक्षदाताई सतरा वर्षं फोर्टमधल्या एका टूर कंपनीत होत्या. लोक सहलीला निघायच्या आधी त्यांच्या हातात जी माहितीपत्रकं पडतात ती लिहिण्याचं त्यांचं काम. सोबत काय घ्यायचं, कुठे जमायचं, हरवलात तर कोणाला फोन करायचा. कंपनीने मुंबईतली कचेरी बंद केली आणि बाकीच्यांबरोबर त्यांनाही निरोप दिला. तेव्हापासून त्या अर्ज करत होत्या.

दोघी टेबलाशी बसल्या. आधी पाठवलेले मेल एकेक करून उघडायचे, मनवा वाचणार, अक्षदाताई वहीत भरणार. बरेचसे अर्ज तिथेच सापडले. काही नोकऱ्यांच्या वेबसाइटवरून केलेले होते, ते त्या त्या ठिकाणी जाऊन शोधले. उरलेले प्रत्यक्ष जाऊन दिलेले. त्यांतले दोन तात्यांनी सांगितले. "तू काळबादेवीला गेलीस आणि छत्री विसरून आलीस, तो धर. आणि चर्नी रोडच्या शाळेचा. त्या दिवशी वरणाला फोडणी मी दिली होती."

एका अर्जापाशी मात्र अक्षदाताई थांबल्या. "हा महत्त्वाचा होता," त्या म्हणाल्या. "दादरची एक संस्था. येत्या मंगळवारी मुलाखत आहे. एका बाईंचा फोन आला होता. वेळ, त्यांचं नाव, कुठल्या कचेरीत यायचं, सगळं टिपणाच्या चौकोनात लिहिलं होतं. दादरला त्यांच्या दोन कचेऱ्या आहेत. आज दुपारनंतर बंद, सोमवारी सुट्टी."

मनवाने विचारलं, "फोन कधी आला होता?"

"पेणला जायच्या आदल्या दिवशी. सकाळी."

मनवाने त्यांचा मोबाइल घेतला आणि त्या दिवसाचे नंबर काढले. सकाळभरात सात अनोळखी नंबर. "मी करते फोन," ती म्हणाली.

"काय सांगशील? की आमच्या नोंदी हरवल्या? बरं दिसतं का ते?"

"माझ्या प्रोग्रॅममुळे हरवल्या, असं सांगते. खरं तेच."

पहिला नंबर कुरियरवाल्याचा निघाला. दुसरा पाणी शुद्ध करायचं मशीन विकणाऱ्याचा, आणि तो काही केल्या फोन सोडेना. तिसरा लागला नाही. चौथ्यावर एका आजोबांनी उचलला. त्यांना वाटलं त्यांच्या नातीचाच फोन आहे, म्हणून मनवाला त्यांची तब्येत विचारावी लागली. पाचव्या नंबरावर एक बाई बोलल्या, "हो, मीच केला होता फोन. राजाध्यक्षांना ना? मंगळवारी साडेअकरा, शिवाजी पार्कच्या बाजूची कचेरी. माझं नाव दीपिका. खाली वॉचमनला सांगा, तो वर सोडेल."

मनवाने फोन ठेवला. अक्षदाताईंनी एक मोठा श्वास सोडला आणि उठून चहा ठेवायला गेल्या. तात्यांनी चिवड्याची दुसरी मूठ घेतली.

चहा झाल्यावर मोजलं तर एकूण अठ्ठावन्न अर्ज झाले होते. तीन राहिले. मनवा सहज न पाठवलेल्या मेलच्या कप्प्यात शिरली आणि थबकली.

"ताई, हा परळच्या हॉस्पिटलचा अर्ज तुम्ही केलाच नाहीये."

"केलाय की. रुग्णांसाठी माहितीपत्रकं मराठीत लिहिण्याची जागा. महिना झाला. वहीत होता तो. 'अर्ज केला' म्हणूनच होता."

"मेल इथेच पडलाय. सीव्ही जोडलेला नाही."

अक्षदाताईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. मग त्यांना आठवलं. मेल लिहीत असतानाच गॅसवाला आला होता. त्यांनी आधी वहीत नोंद केली होती आणि मेल नंतर पाठवायचा होता. "पण मी तर 'अर्ज केला' असं कुठेच लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मनवाचे कान गरम झाले. "ते आपोआप लिहिलं जातं. नवी नोंद केली की स्थिती 'अर्ज केला' अशीच धरली जाते. मी ते मदतीत सांगितलं नाहीये."

"म्हणजे मी न केलेला अर्ज तुझी वही महिनाभर केला म्हणत होती."

"हो."

मनवाने जाहिरात शोधून उघडली. 'जागा भरेपर्यंत अर्ज स्वीकारले जातील.' जाहिरात अजून होती. अक्षदाताईंनी सीव्ही जोडला, मेल पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि पाठवला.

"बघा ना," मनवा म्हणाली. तिला जरा हलकं वाटायला लागलं होतं. "नोंदी गेल्या नसत्या तर हे कळलंच नसतं."

"खरंय," अक्षदाताई म्हणाल्या. "पण म्हणून सातवं वाक्य बरोबर ठरत नाही."

अक्षदाताईंच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मनवाला जास्त लागलं. जाताना चपला घालता घालता ती म्हणाली, "ताई, ते पान तुम्ही लिहाल का? पूर्ण नव्याने?"

"मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही."

"मला कळतं. त्यानेच तर घोळ झालाय."

अक्षदाताई हसल्या. "पुढच्या शनिवारी ये. आणि चिवडा नको, तात्यांना खोकला होतो."

मंगळवारची मुलाखत झाली. दीपिकाबाईंनी दोन दिवसांनी कळवलं की त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी घेतलंय. अक्षदाताईंनी वहीत तशी नोंद केली आणि शनिवारी मदतीच्या पानाचं काम सुरू झालं.

चार शनिवार ते चाललं. पहिल्या दिवशी अक्षदाताईंनी अकराच्या अकरा वाक्यं एका कागदावर उतरवून घेतली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला : हे वाचणारा या वेळी काय करत बसलाय? मनवाचं उत्तर प्रत्येक वेळी एकच. ती म्हणे, "तो बटण दाबतोय." त्या म्हणत, "नाही. तो दोन याद्या घेऊन बसलाय आणि त्याला त्या एकत्र करायच्यात. बटण त्याला अजून दिसलेलंही नाही."

"तुम्ही हे शिकलात कुठे?" मनवाने विचारलं.

अक्षदाताईंनी पेन खाली ठेवलं. "पहिल्याच वर्षी मी एका सहलीच्या पत्रकात लिहिलं होतं, 'पहाटे पाच वाजता हॉटेलच्या दाराशी जमावे.' हॉटेलला दोन दारं होती. बस मागच्या दाराशी लागली. बाकीची मंडळी गाइडच्या मागोमाग तिथे गेली. माहीमचं एक जोडपं पुढच्या दाराशी उभं राहिलं, पाऊण तास. त्यांचं परतीचं विमान चुकलं. त्या बाईंच्या भाचीचं लग्न होतं दुसऱ्या दिवशी, तेही हुकलं."

"मग?"

"साहेब म्हणाले, पत्र पाठव. मी माहीमला त्यांच्या घरी गेले. बाई चिडल्या नाहीत, म्हणाल्या, 'आम्ही बरोबर दाराशीच होतो ना गं?' तेवढंच विचारत राहिल्या. हो म्हटलं, तुम्ही बरोबर होतात, मी चुकले. मग त्यांना बरं वाटलं." अक्षदाताईंनी पुन्हा पेन उचललं. "तू त्या दिवशी दारात उभी होतीस, तेव्हा मला ते आठवलं."

सगळं अक्षदाताईंच्याच मनासारखं झालं असं नाही. त्यांना प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगायची असे आणि पान लांबत जाई. मनवा म्हणाली, "ताई, सहलीचं पत्रक लोक घरी बसून वाचतात. हे अडल्यावर वाचतात. त्यांना घाई असते. मोठे मथळे हवेत, अडलेलं पटकन सापडलं पाहिजे." अक्षदाताईंना ते पटायला एक आठवडा लागला, पण पटल्यावर त्यांनी स्वतःच तीन परिच्छेद उडवले. 'नाकारलेला अर्ज' या शब्दावरही वाद झाला. "वाचताना आपल्यालाच नाकारल्यासारखं वाटतं गं," अक्षदाताई म्हणाल्या. शेवटी स्थितीची नावं साधी ठेवायचं ठरलं. 'अजून पाठवला नाही', 'पाठवला', 'बोलावणं आलं', 'नाही म्हणाले', 'काहीच कळवलं नाही'. नवी नोंद केली की यांतलं पहिलं नाव येईल, हे मनवाने त्याच दिवशी प्रोग्रॅममध्ये बदललं.

तिसऱ्या शनिवारी पानाची चाचणी तात्यांवर घेतली. कॉम्प्युटर त्यांच्या पुढ्यात ठेवला, छापलेलं पान हातात दिलं. दोघींनी काही बोलायचं नाही, असं ठरलं. तात्या मोठ्याने वाचत होते आणि सांगितल्याप्रमाणे करत होते.

"'यादी आयात करा.' आयात म्हणजे परदेशातून माल आणतात ते ना?"

अक्षदाताईंनी कागदावर लिहिलं : आयात काढा, 'दुसरी यादी आणा' असं घाला.

"'वरचं बटण दाबा.' वर दोन आहेत. यातलं कुठलं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तात्यांनी आपल्या मनाने एक दाबलं. ते चुकीचं होतं. सगळी यादी उलटी लागली, जुने अर्ज वर आले. तात्या घाबरले नाहीत. "मी तीस वर्षं लोकांचे फॉर्म चुकीचे भरलेत म्हणून परत पाठवले," ते म्हणाले. "आता वाटतं, त्यांतले अर्धे फॉर्मच चुकीचे होते."

याद्या एकत्र करायच्या जागी ते पुन्हा अडले. अक्षदाताईंनी तो परिच्छेद चार वेळा लिहून पाहिला. आधी प्रत काढा, मग ती अमुक ठिकाणी ठेवा, मग दुसरी यादी आणा, मग तपासा. चौथ्या वेळीही तात्यांनी मधली पायरी गाळली.

"हे मी लिहून सुटणार नाही," अक्षदाताई म्हणाल्या. "बस मागच्या दाराशी लागणार आणि मी कागदावर दाराचं वर्णन करत बसणार. तू बसच पुढच्या दाराशी आण ना."

मनवाने तो आठवडा त्यात घालवला. आता दुसरी यादी आणली की वही आधी विचारायची : 'हे अर्ज आधीच्या अर्जांत मिळवू, की आधीचे काढून हेच ठेवू?' आणि काही काढण्याआधी स्वतःच एक प्रत बाजूला ठेवायची. मदतीच्या पानावरचा तो परिच्छेद दोन ओळींवर आला. चौथ्या शनिवारी तात्यांनी तो एका दमात पार केला आणि म्हणाले, "यात लिहिण्यासारखं होतंच काय?" त्याहून मोठी शाबासकी कोणी दिली नसती.

पानाच्या शेवटी अक्षदाताईंनी एक मथळा घातला, जो मनवाला सुचलाच नव्हता. 'नोकरी लागल्यावर.' खाली तीन वाक्यं. 'जिथून अजून उत्तर यायचं आहे त्यांना कळवा, म्हणजे ते तुमची वाट बघणार नाहीत. वहीची एक प्रत ठेवा, पुढे कधी लागली तर असावी. मग वही बंद करा.' मनवाने त्याखाली आणखी एक ओळ टाकली : 'हे पान अक्षदा राजाध्यक्ष यांनी लिहिलं आहे.' ताईंनी ती वाचली, पण काढून टाकली नाही.

परळच्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं ते त्याच सुमारास. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी लिखाणाचा नमुना मागितला. अक्षदाताईंकडे टूर कंपनीची जुनी पत्रकं होती, पण त्यांनी सोबत अर्जवहीच्या मदतीचं पानही छापून नेलं. डॉक्टरबाई पत्रकं चाळून मदतीच्या पानाशी थांबल्या. "हे कशासाठी आहे मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण मी हे करू शकेन." मग म्हणाल्या, "आमच्याकडे लोक ऑपरेशनच्या दिवशी दारात येतात आणि परत जातात. काहीतरी खाऊन आलेले असतात. कागद दिलेला असतो हो त्यांना."

"कागद बघू शकते का?" अक्षदाताईंनी विचारलं. कागद पाहिला. पहिल्याच ओळीत 'शस्त्रक्रियापूर्व अनशन' असं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि पर्समधून पेन काढलं. मुलाखत त्यानंतर तासभर चालली, असं त्यांनी मनवाला फोनवर सांगितलं. नेमणुकीचं पत्र दहा दिवसांनी आलं.

इकडे मनवाला वेगळीच काळजी लागली. आधी आठवड्याला पंधरा-वीस मेल यायचे. हे कसं करू, ते कुठे गेलं, बटण सापडत नाही. नवं पान ठेवल्यापासून मेल कमी होत गेले आणि एका आठवड्यात एकही आला नाही. तिला वाटलं लोकांनी वही सोडलीच. तिने हितेंद्रला आकडे दाखवले. त्याने पाहिलं आणि हसायला लागला. "अगं, उतरवून घेणारे दुप्पट झालेत. विचारायला काही उरलं नाहीये, म्हणून कोणी विचारत नाही."

मनवाला ती शांतता आवडायला लागली. सकाळी मेल उघडावा, वहीबद्दल एकही प्रश्न नसावा, आणि कुठेतरी कोणीतरी निवांत अर्ज भरत असावं. एकदा साताऱ्याहून कोणा राकेशचा मेल आला. त्याला काही अडलं नव्हतं. 'नोकरी लागली. मदतीच्या पानाच्या शेवटी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना कळवलं. वही बंद करतो आहे. आभार,' एवढंच त्याने लिहिलं होतं. मनवाने तो तसाच अक्षदाताईंना पुढे पाठवला.

आता दोघींची ऑफिसं जवळ आली होती. महिन्यातून एक-दोनदा मनवा जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जाई. अशाच एका बुधवारी अक्षदाताई डबा उघडायच्या आधीच म्हणाल्या, "थांब, हे वाच. आज छापायला जायचंय. मोठ्याने वाच."

मनवाने कागद घेतला. अक्षरं मोठी होती. "'उद्या तुमचं ऑपरेशन आहे. आज रात्री दहानंतर काही खाऊ नका. सकाळी चहा नको, दूध नको, बिस्किट नको. कोणी आग्रह केला तर त्यांना हा कागद दाखवा.'" ती हसली. "हे मस्त आहे."

"मस्त राहू दे. अडलीस कुठे?"

मनवाने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आपण उद्या सकाळी उठलोय, पोटात भीती आहे, तोंड कोरडं पडलंय, असं डोळ्यांपुढे आणलं.

"ताई," ती म्हणाली, "पाणी चालेल का?"

अक्षदाताईंनी कागद परत घेतला. मग डबा बाजूला सारून उठल्या. "डॉक्टरांना विचारून येते," त्या म्हणाल्या. "तू सुरू कर. भरली वांगी आहेत, तात्यांनी केलीत."